कोनित्सा : ग्रीसमधलं बाजाराचं गाव, गवंड्यांचा मुलूख आणि 'नै' म्हणजे हो

पायवाट

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारी लेक असे तिघं ग्रीसला जाऊन आलो. सांतोरिनीचे निळे घुमट पाहिले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या आशेने धागा उघडलेल्यांचा वेळ वाचेल. अथेन्सला दोन रात्री काढल्या आणि सरळ वायव्येला, अल्बानियाच्या सरहद्दीकडे एपिरस प्रांतात गेलो. मुक्काम नऊ दिवस, कोनित्सा नावाच्या गावात. 'त्सा' जड जात असेल तर 'चमचा'तला च लावा. हिंदीवाल्यांना ही सोय नाही.

या भागात येणारे बहुतेक जण झागोरीला जातात. 46 दगडी गावं, विकोसची घळ, 2023 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव. आम्हीही तिथेच राहणार होतो. पण ऑगस्टमधले खोल्यांचे भाव बघून बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कोनित्सात राहिलो ते निव्वळ चिकटपणामुळे. तोच शहाणपणा ठरला, हे इथे लिहायला लाज नाही.

गाव डोंगराच्या उतारावर आहे. खाली आओस नदी घळीतून बाहेर पडून सपाटीला येते, आणि त्या सपाटीत शेती. वस्ती जेमतेम तीनेक हजारांची असेल, पण आजूबाजूच्या डोंगरातल्या डझनावारी गावांचा बाजार, बँक, औषधाचं दुकान, गुरांचा डॉक्टर, सगळं इथेच. सकाळी आठपासून वरच्या गावांतून पिकअप उतरायला लागतात. आमच्या खोलीखाली लोखंडी सामानाचं दुकान होतं. कुदळी, दोरखंड, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, कोंबड्यांचं खाद्य, सगळं एकात एक. एका सकाळी काळ्या कपड्यांतली एक आजी विळा घ्यायला आली. सहा विळे काढायला लावले. प्रत्येकाच्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवायची आणि बाजूला ठेवायची. शेवटी पहिलाच घेतला. दुकानदाराने हूं की चूं केलं नाही. मग तिने तो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला आणि समोरच्या चौकात कॉफी प्यायला बसली, कारण परतीची गाडी दुपारी होती. बाजाराच्या गावात निम्मं काम हे वाट बघण्याचंच असतं, आणि त्यासाठी चौकात मोठे चिनार आणि त्यांच्याखाली खुर्च्या आहेत.

दुपारी दोन-अडीचला शटर खाली. साडेपाचपर्यंत कुत्रंही भुंकत नाही. (पुणेकरांनी इथे प्रतिसाद देऊ नयेत, काय लिहाल ते माहीत आहे.)

गावाच्या टोकाला, घळीच्या तोंडाशी तो पूल आहे. एकच कमान, मधोमध उंची साधारण 20 मीटर, रुंदी जवळजवळ 40. 1870 च्या सुमारास बांधलेला. सिमेंट नाही, लोखंड नाही, चुना आणि दगड. कठडा गुडघ्याच्याही खाली. कमानीच्या पोटाखाली मधोमध एक लहानशी घंटा टांगलेली आहे. घळीतून वारा जोरात सुटला की ती आपोआप वाजते, म्हणजे आता पूल ओलांडू नका, वारा माणसाला आणि खेचराला उडवेल. आम्ही वर होतो तेव्हा ती वाजली नाही, तरी लेक मधला भाग बसून सरकत उतरली.

हा पूल बांधणारा मुख्य गवंडी पिर्सोयानी गावचा होता. त्या भागाचं नावच मास्तोरोहोरिया, म्हणजे मिस्त्र्यांची गावं. डोंगर उंच, जमीन पायरीएवढी, त्यामुळे पुरुषांनी दगडकाम धरलं. वसंतात टोळी करून निघायचे. एक मुख्य मिस्त्री, दगड फोडणारे, लाकूडवाले, आठ-दहा वर्षांची शिकाऊ पोरं आणि ओझ्याची खेचरं. ग्रीसभर, बाल्कनभर घरं, देवळं, मशिदी, पूल बांधत फिरायचे आणि थंडीच्या तोंडावर घरी यायचे. आपापसात बोलायला त्यांची एक गुप्त भाषा होती, 'कुदारीतिका', म्हणजे यजमानासमोरच यजमानाला नावं ठेवता येत. पिर्सोयानीत या मिस्त्र्यांचं छोटंसं संग्रहालय आहे. हातोडे, छिन्न्या, ओळंबे. आमच्याकडच्या गवंड्याच्या पिशवीतून काढून ठेवल्यासारखी हत्यारं. एका हातोड्याचा दांडा अंगठ्याच्या जागी चांगला खोलगट झाला होता.

गाव मात्र बंद घरांचं. दारावर कुलूप, कुलपावर गंज, आतल्या अंजिराची फांदी खिडकीतून बाहेर. 1946 ते 49 च्या यादवी युद्धातल्या शेवटच्या लढाया शेजारच्याच ग्रामोस डोंगरावर झाल्या. हरलेल्या बाजूची माणसं अल्बानियामार्गे पार ताश्कंदपर्यंत गेली. उरलेली पुढे 1960 नंतर जर्मनीत कारखान्यांना आणि अथेन्सला. दुसऱ्यांची घरं बांधत जग फिरलेल्यांच्या स्वतःच्या घरांना राहायला माणूस नाही. गावात किराणा दुकान नाही. पाववाल्याची व्हॅन हॉर्न वाजवत येते, भाजीवाल्याची पिकअप भोंग्यावर टोमॅटो-कलिंगड ओरडत येते. ज्याला उतरायला जमत नाही त्याचा पाव पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवून जातात. अशा तीन पिशव्या मोजल्या. म्हणजे त्या गल्लीत तीन घरं चालू.

आणि मग 15 ऑगस्ट. त्या दिवशी त्यांच्याकडे मेरीमातेचा सण, पानायिया. 13 तारखेपासून अथेन्सच्या, जर्मनीच्या नंबरप्लेटच्या गाड्या वर चढायला लागल्या. कुलपं निघाली, गाद्या कठड्यांवर उन्हात पडल्या. कोकणातले लोक हे वाचून हसतील. तारखेचा फरक सोडला तर गणपतीला आलेले चाकरमानीच.

फोटो पुढच्या प्रतिसादात टाकतो, साइझ कमी करतोय.

---

रानजाई

मस्त! लोखंडी सामानाच्या दुकानावर एक वेगळा धागा हवा.

शाकाहारी माणसाने काय खावं तिथे? सासूबाई बरोबर असतील, अंडंही चालत नाही. खाकरे किती न्यावेत हा खरा प्रश्न आहे.

---

पायवाट

खाकरे न्या, पण परत आणाल. एपिरस म्हणजे 'पिता'चा प्रदेश. पिता म्हणजे थापलेला पाव नव्हे, पातळ पापुद्र्यांत सारण घालून भट्टीत भाजलेला पदार्थ. रानभाज्यांची, भोपळ्याची, चीजची, नुसत्या पिठाचीही. ही शेवटची अलेवरोपिता म्हणजे आपल्या धिरड्याचं पीठ चीज घालून ट्रेमध्ये भाजावं तशी, कडा कुरकुरीत. मात्र तिच्यात बहुधा अंडं असतं, विचारून घ्या. शिवाय राजम्यापेक्षा मोठे पांढरे घेवडे टोमॅटोत शिजवलेले मिळतात.

एक शब्द पाठ करा, 'निस्तीसिमो'. म्हणजे उपासाला चालणारं. ऑर्थोडॉक्स उपासात मांस, अंडं, दूध, चीज सगळं वर्ज्य. 15 ऑगस्टच्या आधीचे चौदा दिवस तर उपासाचेच असतात. हॉटेलात हा शब्द टाकला की मालक कौतुकाने बघतो आणि बरोबर ताट येतं. फक्त लक्षात ठेवा, त्यांच्या उपासाला कालवं, माकूल, ऑक्टोपस चालतात, कारण त्यांना रक्त नाही असं मानतात. आपली साबुदाण्याची गंमत, त्यांची ऑक्टोपसची.

आमच्या घरमालकीणबाई लांब काठीसारख्या बारीक लाटण्याने पापुद्रे लाटायच्या. पारी मोठी झाली की ती लाटण्यालाच गुंडाळून पुढे-मागे फिरवायची, मग फटकन उलगडायची, टेबलाएवढी. बायकोने हातात लाटणं घेतलं आणि सवयीने गोल पोळी लाटली. बाईंनी ती उचलून दिव्यासमोर धरली, आरपार दिसेना म्हणून पुन्हा मळून टाकली.

---

सालोनिककर

नोकरीनिमित्त सहा वर्षं थेसालोनिकीत आहे, दोन उन्हाळे तुमच्याच भागात काढलेत. लेख आवडला. दोन दुरुस्त्या, राग मानू नका.

एक, कोनित्साभोवतीची सगळी गावं मिस्त्र्यांची नाहीत. मिस्त्र्यांचा पट्टा उत्तरेला, सारांतापोरोस नदीच्या खोऱ्यात. पूर्वेला स्मोलिकास डोंगराच्या अंगाला फुर्का, दिस्त्रातो वगैरे गावं व्लाखांची. त्यांची मूळ बोली ग्रीक नाहीच, लॅटिनपासून आलेली, रुमानियनच्या जवळची. ते मेंढपाळ. उन्हाळ्यात डोंगरावर, थंडीत थेस्सालीच्या मैदानात. ही मेंढरांची वर्षातली ये-जा 2019 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, ऑस्ट्रिया आणि इटलीबरोबर. आपल्या धनगरांचं दिवाळीनंतर कोकणात उतरणं डोळ्यासमोर आणा. आणि हिओनिआदेस हे आणखी तिसरंच, चित्रकारांचं गाव. तिथली माणसं देवळांच्या भिंती आणि मूर्तिचित्रं रंगवत फिरायची.

दोन, बंद घरांचं सगळं खापर युद्धावर फोडू नका. 1996 च्या उन्हाळ्यात कोनित्साला लागोपाठ भूकंपाचे धक्के बसले, तेव्हाही कितीतरी जुन्या घरांना तडे गेले.

स्मोलिकास चढलात का? 2637 मीटर, ग्रीसमध्ये ऑलिंपसनंतरचा दुसरा. वर तळं आहे.

---

पायवाट

राग कसला, हेच हवं होतं. व्लाखांबद्दल माझ्याकडून ढोबळपणा झाला.

स्मोलिकासच्या तळ्यापर्यंत गेलो, शिखर नाही. पालेओसेलीहून वर चढलो. झाडोरा संपल्यावर हिरवट-काळ्या दगडांतून वाट आणि शेवटी एकदम ते तळं. द्राकोलिम्नी, म्हणजे राक्षसाचं तळं. समोरच्या गामिला डोंगरावरही एक राक्षस, त्याचंही तळं, आणि दोघं एकमेकांना दगड आणि झाडं फेकून मारायचे अशी गोष्ट. तळ्यात राक्षस नव्हता, पोटाला नारिंगी रंग असलेले पालीसारखे छोटे जलचर होते. लेक तासभर तिथेच पालथी.

उतरताना मेंढरांचा कळप लागला आणि चार कुत्री अंगावर. इथल्या कुत्र्यांची गाठ लांडग्या-अस्वलांशी असते, बिस्किटाला भुलत नाहीत. पळायचं नाही, काठी उगारायची नाही, उभं राहायचं. धनी शीळ घालेपर्यंतचं ते अर्धं मिनिट मला वर्षासारखं गेलं. धनी आला, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इंडिया?" मग हिंदीतच, "मैं गुजरात से हूँ." बायको आनंदाने, "अहमदाबाद?" तो हसला. गुजरात म्हणजे पाकिस्तानच्या पंजाबातला गुजरात जिल्हा. नऊ वर्षं झाली म्हणे मेंढ्यांमागे. मालक खाली कोनित्सात. त्याने थर्मासमधून आम्हाला डोंगरी चहा दिला, उकळलेल्या रानझुडपाचा, पिवळट. ग्रीक लोकही चहाला 'त्साय' म्हणतात. त्याचं म्हणणं, "ये चाय नहीं है, ये दवाई है."

---

एक_शंका

शीर्षकातल्या 'नै'चं काय झालं? धागाकर्ते विसरले.

---

पायवाट

विसरलो नाही, बायकोची परवानगी घेत होतो.

ग्रीकमध्ये 'हो'ला म्हणतात 'ने', उच्चार आपण घाईत 'नाही नाही'चं 'नै नै' करतो त्याच्या अगदी शेजारचा. पहिल्या संध्याकाळी घरमालकीणबाईंनी पिता वाढली, मग आणखी एक तुकडा समोर धरला. बायको हात हलवत "नै नै नै". बाई खूश, ठेवला. पुन्हा विचारलं. पुन्हा "नै नै, बास". असे चार तुकडे झाले. पाचव्याला लेकीने फोनमध्ये बघून सांगितलं की आई, तू हो म्हणतेयस.

नाही म्हणजे 'ओही'. पण खेड्यात तोंडाने म्हणतच नाहीत. हनुवटी किंचित वर, भुवया वर, आणि जिभेने एक 'च्'. आपण 'च्च, अरेरे' करतो तो आवाज. मी पहिले दोन दिवस समजत होतो की दुकानदाराला माझी कणव येतेय, आणि तो फक्त 'माल नाही' एवढंच सांगत होता.

---

भूपकल्याण

सणाच्या रात्री गाणंबजावणं ऐकलंत का? एपिरसचं संगीत पाच स्वरांचं, अर्धस्वर टाळणारं, असं वाचलंय. आपल्या कानाला कसं लागतं?

---

पायवाट

ऐकलं म्हणजे काय, पहाटे चारपर्यंत झोपू दिलं नाही. चौकात टेबलं, मध्ये क्लॅरिनेट, व्हायोलिन, लाउतो नावाची लांब मानेची वीणा आणि डफ. सुरुवात नाचाने नाही, विलापाने. मिरोलोई म्हणतात, मेलेल्यांसाठी. क्लॅरिनेटवाला एक सूर धरून खाली घसरत येतो, अगदी सनईच्या मींडेसारखा, आणि सगळा चौक खात-पीत गप्प होतो. मग हळूहळू फेर सुरू.

लेक सहा वर्षं गाणं शिकली आहे. दहा मिनिटं ऐकून म्हणाली, "बाबा, हा तर धानी." सा, कोमल ग, म, प, कोमल नि. घरी आल्यावर तिने पेटीवर पडताळलं, स्वर तेच. चलन अर्थातच वेगळं. धानीतला खेळकरपणा तिथे शोधू नका.

आणि फेरात पुढे नाचणारा मधेच जाऊन नोट क्लॅरिनेटवाल्याच्या कपाळावर चिकटवतो. घामाने चिकटते. दौलतजादा हो, दुसरा शब्द नाही.

---

जुनाजाणता

मिस्त्र्यांच्या गुप्त भाषेवरून आठवलं. आमच्या वडिलांबरोबर बैलबाजारात जायचो, तिथे हेडे उपरण्याखाली बोटं धरून भाव करायचे. बघणाऱ्याला फक्त दोन माणसं हातात हात घालून उभी दिसायची. नंदीवाल्यांचीही आपसातली वेगळी बोली असते. जो पोटासाठी गावोगाव फिरतो त्याला यजमानाच्या कानाआड बोलायची सोय लागतेच.

पुलाच्या पायात माणूस पुरल्याची गोष्ट आहे का तिकडे?

---

सालोनिककर

आहे, आणि ती ग्रीसमध्ये पोराटोरांनाही माहीत. आर्ताच्या पुलाची. 45 मिस्त्री आणि 60 शिकाऊ दिवसभर बांधायचे, रात्री पूल ढासळायचा. शेवटी मुख्य मिस्त्र्याची बायको पायात चिणली तेव्हा उभा राहिला. लोकगीत आहे, त्यात ती चिणली जात असताना पुलाला शाप देते आणि मग परदेशी गेलेला भाऊ कधी इथून ओलांडेल म्हणून शाप मागे घेते.

---

जुनाजाणता

पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा हीच की. बुरूज टिकेना म्हणून जोडपं पुरलं. पण शाप मागे घेणं आपल्याकडे नाही ऐकलं.

---

घळवेडा

माफ करा, पण धागाकर्त्यांनी झागोरीवर अन्याय केलाय. 'भाव बघून गेलो नाही' एवढंच? विकोसची घळ 900 मीटर खोल आणि दोन्ही कडांमधलं अंतर 1100 मीटर. रुंदीच्या मानाने सर्वांत खोल घळ म्हणून गिनेसमध्ये नोंद आहे. व्रादेतोच्या दगडी पायऱ्या, किपीजवळचा तीन कमानींचा पूल. हे न बघता नऊ दिवस विळे मोजत बसलात?

---

पायवाट

न बघता नाही, राहिलो नाही एवढंच. कोनित्साहून झागोरीतलं पापिंगो गाडीने तासाभरात होतं, दोन दिवस त्यातच घालवले. विकोसला तोड नाही, कबूल. कड्यावर उभं राहिल्यावर खालचा पक्षी पाठीकडून दिसतो. पण पापिंगोत त्या दोन दिवसांत मला भेटलेला प्रत्येक माणूस एक तर पाहुणा होता, नाही तर पाहुण्यांसाठी कामाला होता. खताचं पोतं घेऊन जाणारा एकही नाही. गाव जपलंय सुंदर, दगड न् दगड. कोनित्सात निम्मी बांधकामं सिमेंटची आणि कुरूप आहेत, पण तिथे कुणाची तरी गाय आजारी असते. ही माझी आवड, तुमची वेगळी असू शकते.

---

मांडवीतीर

गोंयकाराचो एकच प्रस्न. पिवपाक कितें?

---

पायवाट

त्सिपुरो! द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्याची. दोनदा गाळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावोगाव तांब्याच्या हंड्यांच्या भट्ट्या लागतात आणि छोट्या शेतकऱ्यांना थोड्या काळासाठी गाळायचा परवाना मिळतो. भट्टीपाशी मांस भाजायचं, गाळलेली पहिली धार चाखायची. तुमच्याकडे उर्राकाच्या दिवसांत असतं तसंच असणार. आम्ही चुकीच्या महिन्यात होतो, त्यामुळे बाटलीतलीच. बडीशेपेची आणि बिनबडीशेपेची मिळते. एपिरसवाले बडीशेपेच्या बाटलीकडे त्याच 'च्' आवाजाने बघतात.

---

रानजाई

गाडी भाड्याने घेतली होती का? आणि चालत पुलापलीकडे काही आहे?

---

पायवाट

घेतली, आणि त्यात घोळ झाला. बुकिंग करताना एजंट म्हणाला भारतीय लायसन्स चालेल. काउंटरवर गाडी देईनात, कारण आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. नशिबाने बायकोने आरटीओतून काढून ठेवला होता. त्यामुळे नऊ दिवस गाडी तिने चालवली आणि मी नकाशा धरून 'डावीकडे, नाही, दुसरं डावीकडे' करत होतो. गाडी नसेल तर यानिनाहून (एपिरसचं मुख्य शहर) कोनित्साला बस आहे, पण पुढच्या डोंगरी गावांना रोज बस मिळेल या भरवशावर राहू नका.

पुलापासून घळीत आओसच्या काठाने वाट जाते, दीड-दोन तासांवर स्तोमिओचा मठ, एका सुळक्यावर. कोनित्सात वाढलेले संत पाइसिओस 1958 ते 62 या मठात होते, त्यामुळे भाविकांची बरीच ये-जा असते. वाट सावलीची, पाणी सतत सोबत. सासूबाईंना शेवटचा चढ जड जाईल, नदीकाठी अर्ध्यातून परत फिरलात तरी वाया जात नाही. पाणी ऑगस्टमध्येही बर्फासारखं. पाय घाला, पोहायला उतरू नका.

---

रानजाई

धन्यवाद! आणि ती पिता घरी जमली का?

---

पायवाट

दोनदा केली. ठाण्यात त्यांच्या रानभाज्या कुठून आणणार, म्हणून पहिल्यांदा चवळीची पालेभाजी घातली. पाणी सुटून तळ चिखल झाला. दुसऱ्यांदा मेथी, आधी मीठ लावून पिळून, आणि फेटाऐवजी पनीर कुस्करून. पापुद्रा अजून दिव्यासमोर आरपार दिसत नाही. लांब लाटण्यासाठी लेकीने हार्डवेअरच्या दुकानातून पडद्याचा लाकडी दांडा आणलाय, घासून तेल पाजून ठेवलाय. रविवारी तिसरा प्रयोग.